"आधी कॅलिब्रेट करायला शिका" या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर एक प्रतिक्रिया आलीये. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं स्टँड, पायाचा जोर तोही मोजतो) एक तास सायकल चालवली, झ्विफ्ट या इनडोअर सायकलिंगच्या ॲपला ट्रेनर जोडलेला आणि गार्मिनला, म्हणजे सायकलच्या कॉम्प्युटरला, पेडलमधलं पॉवर मीटर, म्हणजे पाय किती वॅट जोर लावतात ते मोजणारं यंत्र. झ्विफ्टवर ॲव्हरेज १९८ वॅट आलं, गार्मिनवर २०७. पाय तेच, वेळ तीच. मी लिहिलं होतं की यात कुठलंच उपकरण बिघडलेलं नाही, एक निवडा आणि त्यालाच धरून ट्रेनिंग करा.

त्यावर या वाचकांचं म्हणणं असं: "नऊ वॅट चेनमध्ये जात नाहीत. आधी कॅलिब्रेट करायला शिका, मग लोकांना शिकवा. पैसे आहेत म्हणून वस्तू घेतल्या की ज्ञान येत नाही." पुढे आणखी दोन-तीन मुद्दे आहेत, एकाच राईडवरून निष्कर्ष काढलाय वगैरे, त्यांच्याकडे येतो.

साहेब, मुद्दा खोडा ना, जरूर खोडा, पण ही भाषा कशासाठी? तुम्ही मला ओळखत नाही. मी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) करायला लागलो तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये कोणाकडेच पॉवर मीटर नव्हतं, कात्रज चढताना दम किती लागला यावरच सगळा हिशोब चालायचा, आणि आज जे पेडल वापरतोय ते सेकंडहँड घेतलेत, ते सुद्धा बरेच महिने पैसे बाजूला टाकून. त्यामुळे "पैसे आहेत म्हणून" हे वाक्य मला लागलं, आणि लागलं हे सांगायला मला संकोच नाही. नवी पोरं हे वाचतात. प्रश्न विचारला तर असं ऐकून घ्यावं लागणार असेल तर विचारेल कोण?

आता कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण बरोबर आकडा दाखवेल असं जुळवून घेणं. ट्रेनरवर दहा मिनिटं वॉर्मअप करून मग स्पिनडाउन केला होता (वेग वाढवून पाय थांबवायचे, चाक थांबायला किती वेळ लागतो त्यावरून ट्रेनर स्वतःला जुळवून घेतो). पेडलचं झिरो ऑफसेट पाय काढून, क्रँक उभी धरून, त्याच दिवशी केलं होतं. लेखात हे लिहिलंय, तुम्ही वाचलं नाही तर मी काय करू. पण त्याहून महत्त्वाचं असं की झिरो ऑफसेट काय करतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेडलवर काहीच भार नसताना शून्य दिसावा, एवढंच त्याचं काम. थंडी-उन्हाने पेडलमधला भार मोजणारा सेन्सर, स्ट्रेन गेज, सरकतो, म्हणून डिसेंबरात पहाटे निघताना सायकल आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवायची आणि मग झिरो करायचा. पण भार आल्यावर आकडा किती वाढावा, तो स्लोप फॅक्टरीत ठरलेला असतो, बटण दाबून तो सुधारत नाही. तुम्ही दिवसातून शंभर वेळा झिरो करा, स्लोप आहे तिथेच राहणार.

आणि तो स्लोपही मी तपासलाय. मागचं चाक ब्रेकने घट्ट धरलं, क्रँक बरोब्बर आडवी केली, काट्यावर दोरीसकट मोजून घेतलेलं २० किलो वजन पेडलला टांगलं. क्रँक १७२.५ मिलिमीटरची, म्हणजे हिशोबाने टॉर्क ३३.८ न्यूटन मीटर यायला हवा. डाव्या पेडलवर ३३.६ आला, उजव्यावर ३४. दोन्ही एक टक्क्याच्या आत. सेटिंगमध्ये क्रँकची लांबी १७२.५ च आहे, कोणी चुकून १७० ठेवली तर दीड टक्का तिथेच जातो आणि त्याला कळतही नाही. हे सगळं करायला माझी एक अख्खी रविवार संध्याकाळ गेली. "कॅलिब्रेट करायला शिका" टाइप करायला किती वेळ लागला असेल?

राहिले नऊ वॅट. पेडल चेनच्या आधी मोजतं, ट्रेनर चेनच्या नंतर. स्वच्छ, तेल घातलेल्या चेनमध्ये दोन-तीन टक्के जातात, म्हणजे २०७ मधले चार ते सहा. माझ्या ट्रेनरची अचूकता कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे दोन टक्के अधिक-उणे, म्हणजे आणखी चार वॅट इकडे किंवा तिकडे. पेडलची एक टक्का, म्हणजे दोन. सगळं एकाच बाजूला झुकलं तर फरक बारा वॅटपर्यंतही जाऊ शकतो आणि तरी दोन्ही कंपन्या खऱ्याच ठरतात. नऊ वॅट फक्त चेनमध्ये जातात असं मी म्हटलेलंच नाही, ते वाक्य तुम्ही माझ्या तोंडी घातलंत.

एक गोष्ट मात्र मान्य. स्ट्राव्हावर (राईड नोंदवायचं ॲप) त्याच राईडला तिसराच आकडा दिसतो हे लिहून मी पुढे गेलो, कारण दिलं नाही. तर: स्ट्राव्हा जो वेटेड ॲव्हरेज दाखवतो तो त्यांच्या स्वतःच्या सूत्राने, आणि ट्रेनिंगपीक्स या ट्रेनिंगच्या ॲपमधला नॉर्मलाइज्ड पॉवर व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांच्या सूत्राने, ज्यात ३० सेकंदांची सरकती सरासरी काढून तिचा चौथा घात घेतात, त्याची सरासरी काढतात आणि मग चौथं मूळ. दोन्हींत जोराच्या चढ-उतारांना जास्त वजन मिळतं, म्हणून ते साध्या ॲव्हरेजशी ताडून बघायचे नसतात. बाहेरच्या राईडला तर आणखी एक भानगड, सिंहगड उतरताना पेडल मारलेलं नसतं, ते शून्य धरायचे की नाही याचं सेटिंग गार्मिनमध्ये असतं, आणि ते बदललं की ॲव्हरेज लगेच बदलतो. हे लेखात असायला हवं होतं, आता घालतो.

बाकीचं. एकाच राईडचा टेबल दिला कारण तो उदाहरण म्हणून होता, प्रबंध नव्हता. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल तेवढा पॉवर) ट्रेनरवर मोजून बाहेर पेडलवर झोन, म्हणजे त्यावरून ठरणारे जोराचे टप्पे, कसे पाळता, हा प्रश्न माझ्या ट्रेनिंगबद्दलचा आहे, त्या लेखाचा तो विषयच नव्हता.

त्या तासाच्या दोन्ही फाइल्स हव्या असतील तर मागा, देतो. प्रत्येक सेकंदाचा आकडा आहे. फक्त पुढची प्रतिक्रिया लिहिताना आधी लेख पूर्ण वाचा आणि समोरच्याच्या खिशावर बोलू नका, नाहीतर मी ती पब्लिश करणार नाही.