बँकरचा मुलगा आणि बँकरची मुलगी

एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन याच्याबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: बाप बँकर, पैशाला तोटा नाही, बापाने वाद्यवृंदच घरी आणून दिला म्हणून पोरगं 'विलक्षण' ठरलं, दुःख कधी माहीतच नाही, म्हणून संगीत गोड पण उथळ. पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. म्हणून तर पुढच्या दोन सहज गळी उतरतात.

श्रीमंती होतीच. बर्लिनच्या घरी रविवारी मैफली व्हायच्या आणि वडील अब्राहम दरबारी वाद्यवृंदातले वादक पैसे मोजून बोलवायचे. १८२१ ते १८२३ या काळात फेलिक्सने तंतुवाद्यांसाठी बारा सिंफनी (अनेक भागांच्या वाद्यरचना) लिहिल्या, त्या या मैफलींच्या आधारानेच. लिहिलेलं कानावर पडायला त्याला ताटकळावं लागलं नाही. हा फायदा केवढा, ते त्याच काळातल्या शूबर्ट या संगीतकाराकडे बघून कळतं. त्याला आपली सी मेजरमधली मोठी सिंफनी मैफलीत ऐकायलाच मिळाली नाही. तो गेल्यावर दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, ती लाइपझिगला पहिल्यांदा सादर केली ती याच मेंडेल्सोनने.

पण वादक भाड्याने मिळतात, त्यांच्यापुढे ठेवायचा कागद मिळत नाही. पोरांना पहाटे पाचला उठवून धड्याला बसवणारं हे घर होतं. सोळाव्या वर्षी, १८२५ मध्ये, फेलिक्सने आठ तंतुवाद्यांसाठी 'ऑक्टेट' लिहिलं. त्याचा शेवटचा भाग ऐका. दुसरा चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) अगदी खालच्या सुरांत एकटाच घाईघाईने गुरगुरत सुटतो, पहिला चेलो तेच उचलतो, मग व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं), मग व्हायोलिनं, आणि बघता बघता आठही जण एकमेकांच्या पाठी लागतात. एवढ्या गर्दीत कोणी कोणाच्या पायात येत नाही. बरं, हे एका बैठकीत झालेलं नाही. छापायला देण्याआधी त्याने त्यात बरीच काटछाट केली.

आपल्याला तसंही गुरूच्या घरी पाणी भरलेल्या, उपाशी झोपलेल्या कलावंताची गोष्ट जास्त भावते. पोट भरलेल्या माणसाचं गाणं उगाच संशयित वाटतं.

पैशाने संगीतकार घडतो, या म्हणण्याला खरं उत्तर त्याच घरात होतं: थोरली बहीण फॅनी. तेच वडील, तोच पैसा, तेच गुरू झेल्टर. तेराव्या वर्षी तिने आधीच्या शतकातल्या बाख या संगीतकाराचे चोवीस प्रील्यूड (छोट्या वाद्यरचना) वडिलांना पाठ वाजवून दाखवले. १८२० मध्ये वडिलांनी तिला लिहिलं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो अलंकारच राहील. तिची सहा गाणी भावाच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांतलंच एक हौसेने म्हटलं, तेव्हा हे बहिणीचं आहे, अशी कबुली फेलिक्सला द्यावी लागली. पण तिने स्वतःच्या नावाने छापावं, याला त्याचाही मनापासून पाठिंबा नव्हता. तिच्या नावाचा पहिला संग्रह १८४६ चा, म्हणजे चाळिशी गाठल्यावरचा. श्रीमंतीवर बोट ठेवायचंच असेल तर इथे ठेवा: ती घरात कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही.

राहिला 'दुःखच नाही'चा मुद्दा. १८२७ मध्ये फेलिक्सचा ऑपेरा एका प्रयोगात गुंडाळला. १८३३ मध्ये बर्लिनच्या झिंगअकॅडमी या समूहगायन संस्थेने संचालकपदासाठी मतदान घेतलं. त्याला ८८ मतं, प्रतिस्पर्धी रुंगेनहागेनला १४८. याच संस्थेत चार वर्षांपूर्वी, विशीत, त्याने बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (येशूच्या यातनांवरची मोठी गायनरचना) पुन्हा उभं केलं होतं! ज्यू घराण्यात जन्म झाला हे बाप्तिस्म्यानेही पुसलं गेलं नाही. 'उथळ' या शिक्क्याचा उगम तर जरूर तपासा. १८५० मध्ये जर्मन ऑपेरा-संगीतकार वाग्नरने टोपणनावाने लेख लिहिला, त्यात मेंडेल्सोनची हुशारी मान्य केली, पण ज्यू असल्यामुळे तो काळजाला हात घालूच शकत नाही असं ठरवून टाकलं. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना आपण कोणाची री ओढतोय याचा पत्ताही नसेल.

१८४७ च्या मे महिन्यात फॅनी अचानक गेली. त्यानंतर फेलिक्सने एफ मायनरमधली स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) लिहिली. सुरुवातीलाच तारा थरथरतात, चाल धरते न धरते तोच तुटते. नोव्हेंबरात तोही गेला, वय ३८.