दोनदा गेला, दोनदा परत आला

माझा मावसभाऊ यंदा जर्मनीतली नोकरी सोडून पुण्याला परतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एका आत्याबाईंनी 'शेवटी आपली माती ती आपली माती' म्हणून हात जोडले. बाकीच्यांनी मला खासगीत विचारलं, 'व्हिसाचं काही लफडं झालं का रे?' परत येणारा एकतर देशभक्त, नाहीतर नापास. आपल्याकडे तिसरा रकानाच नाही.

मी नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवीनमध्ये राहतो. इथल्या आयाक्सवाल्यांच्या, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या आयाक्स फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या, गप्पा ऐकताना मला या वादात डेव्ही क्लासेन आठवतो. हिल्व्हरसमचा हा मिडफिल्डर आयाक्समध्येच घडला, कप्तान झाला. २०१७ मध्ये त्यानं संघाला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तिथं मँचेस्टर युनायटेडनं त्यांना २-० असं हरवलं. त्याच उन्हाळ्यात एव्हर्टन या इंग्लिश क्लबनं त्याला दोन कोटी पौंडांहून जास्त मोजून नेलं. प्रीमियर लीगचे सामने खेळला ७, गोल शून्य. 'तिकडे जमलं नाही', आपल्या भाषेत.

पण झालं काय होतं? एव्हर्टननं त्याच उन्हाळ्यात वेन रूनी आणि गिल्फी सिगुर्डसनलाही आणलं. तिघांचीही आवडती जागा स्ट्रायकरच्या मागची, म्हणजे एका खुर्चीला तीन दावेदार. क्लासेन काही वाऱ्यासारखा पळणारा नाही. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना हा मागून हळूच बॉक्समध्ये शिरणार आणि नेमक्या क्षणी पाय लावणार. तो क्षण ओळखून पास देणारं कुणी नसेल तर असा खेळाडू नुसता इकडेतिकडे फिरताना दिसतो. त्यात त्याला आणणारे कोच रोनाल्ड कूमन ऑक्टोबरातच गेले.

मग तो जर्मनीतल्या वेर्डर ब्रेमेन क्लबला गेला. तिथं तो नेमानं खेळला. २०२० मध्ये आयाक्सनं त्याला परत घेतलं, विकला त्याच्या निम्म्याहून कमी भावात. डच माणसाला यात भावूक होण्यासारखं काही वाटत नाही. सौदा चांगला होता, झालं. त्या मोसमात लीग आणि कप दोन्ही आयाक्सचे. २०२३ मध्ये इंटर मिलान: बहुतेक काळ बाकावर, पण इटलीचं विजेतेपद पदरात. आणि २०२४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, फुकटात पुन्हा आयाक्स.

हे वाचून कुणी 'बघा, युरोपातली मानसिकता!' म्हणेल, तर थांबा. क्लासेनला डच पासपोर्टावर ब्रेमेनला किंवा मिलानला जायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या भावाचा तिथला परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की दारही बंद होण्याची धास्ती. शिवाय पुण्यात त्याची जर्सी कुणी घडी घालून ठेवली नव्हती. मुलाखतीत त्यालाही तोच प्रश्न: परत का आलात? परतीची भीती नुसती नातेवाइकांच्या टोमण्यांतून येत नाही.

तरी टोमणे कमी करता येतील. २०२५ मध्ये डच लीगचे ५ सामने बाकी असताना आयाक्सकडे ९ गुणांची आघाडी होती. ती त्यांनी घालवली आणि विजेतेपद पीएसव्ही या दुसऱ्या डच क्लबला गेलं. माझ्या ऑफिसातल्या आयाक्सवाल्यांनी क्लासेनसकट सगळ्या संघाचा उद्धार केला. पासिंगवरून केला, बचावावरून केला. तो परत का आला, हे मात्र कुणी काढलं नाही.