टाकीत काहीतरी टाकून फ्लशची गळती थांबत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: फ्लशची टाकी गळत असेल तर प्लंबरच्या नादी लागू नका. टाकीत दोन झाकणं ॲसिड ओता, आत एक वीट ठेवा. खालून पाणी येत असेल तर कमोडभोवती पांढरं सिमेंट भरा. एवढ्याने थांबलं नाही तर टाकी बदला. आणि गळती बारीक असेल तर सोडून द्या, थेंबभर पाण्याने काय होतं?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याच्यामुळेच बाकीचं लांबणीवर पडतं. टाकीतून कमोडमध्ये झिरपणारं पाणी जमिनीवर येत नाही, आवाजही करत नाही, म्हणून ते ‘थेंबभर’ वाटतं. ही बारीक धार मिनिटाला १०० मिलिलिटर असेल तर दिवसाला १४४ लिटर पाणी गटारात जातं. शहरांच्या पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे घरात एक माणूस वाढल्यासारखंच झालं. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या इमारतीत हे चालवून घेणं मला पटत नाही.

आता ॲसिड. हा सल्ला सगळ्यात घातक आहे. त्यात तथ्याचा अंश एवढाच की बोअरच्या पाण्यातला क्षार फ्लश व्हॉल्व्हच्या, म्हणजे टाकीतलं पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या झडपेच्या, रबरी सीलवर साचतो, सील नीट बसत नाही, आणि ॲसिडने क्षार विरघळतो. पण टाकीत ओतलेलं ॲसिड फक्त क्षारावर थांबत नाही. धातूचे स्क्रू आणि रबरही खराब करतं. टाकीत आधीपासून क्लोरीनची गोळी किंवा ब्लिचिंग पावडर असेल तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लहानशा, बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. शिवाय क्लोरीनच्या गोळ्या सतत टाकीत ठेवल्यानेही रबर लवकर कडक होतं, म्हणजे गळतीचं एक कारण आपणच तयार करतो.

क्षार काढायचा तर टाकीला पाणी देणारा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा आणि व्हॉल्व्ह बाहेर काढा. बहुतेक प्लास्टिकचे व्हॉल्व्ह थोडे फिरवले की सुटतात. सील व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. ते जिथे टेकतं ती कडाही पुसून घ्या. रबर कडक झालं असेल, फुगलं असेल किंवा चिरलं असेल तर नवीन घ्या. मात्र दुकानात जाताना जुनं सोबत न्या, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.

विटेचा गळतीशी संबंधच नाही. ती दर फ्लशला लागणारं पाणी कमी करते, एवढंच. पण पाण्यात राहून तिचा चुरा होतो आणि तोच सीलखाली अडकतो. पाणी वाचवायला अर्ध्या फ्लशचं बटण आहे.

या सल्ल्यात मुळात पाणी कुठून जातंय हे शोधायला कुठेच सांगितलेलं नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग दिसला तर पाणी टाकीतून झिरपतंय. मग पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि अँगल कॉक बंद ठेवा. अर्ध्या तासाने पातळी खाली गेली असेल तर दोष सीलचा. पातळी जागची हलली नाही, पण कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीत पडत राहिलं, तर दोष बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या झडपेचा. जुन्या बॉलकॉकची दांडी किंचित खाली वाकवतात, नव्यांना फ्लोटची (तरंगणाऱ्या भागाची) उंची कमी करणारा स्क्रू किंवा क्लिप असते. पाणी नळीच्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबायला हवं.

पांढरं सिमेंट गळती थांबवत नाही, लपवतं. फक्त फ्लश केल्यावरच कमोडखालून पाणी येत असेल तर मैल्याच्या पाइपाचा जोड सुटलेला असण्याची शक्यता मोठी. कडा लिंपली की तेच घाण पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. इथे मात्र प्लंबर बोलवाच, कमोड उचलून जोड नव्याने बसवावा लागतो. फ्लश न करताही फरशी ओली राहत असेल तर अँगल कॉक आणि कनेक्शन पाइपचे नट कोरड्या कागदाने एकेक टिपून पाहा. नटाच्या आत रबरी वॉशर असेल तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही, वॉशरच बदलावा.

टाकी बदलायची ती तिलाच तडा गेला असेल तर. एरवी आतले सुटे भाग मिळतात आणि ते टाकीपेक्षा खूप स्वस्त पडतात. भिंतीतल्या टाकीसाठी तर काही जण टाइल्स फोडायला तयार होतात. पण तिचा फ्लोट आणि फ्लश व्हॉल्व्ह बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतूनच बाहेर काढता येतील अशी तिची रचना असते. प्लंबरने भिंत फोडायची भाषा केली तर आधी ती पट्टी उघडायला सांगा.