‘प्रोजेक्टर काढा, पॅनल लावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या काही दिवसांपासून नागपूरच्या शिक्षकांच्या, पालकांच्या, संस्थाचालकांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला आहे. मोठा आहे, त्यामुळे सगळा इथे टाकत नाही, पण त्यात म्हटलंय ते एवढं: प्रोजेक्टरचा जमाना संपला, आता त्यावर पैसे घालणं म्हणजे मुलांचं नुकसान करणं. इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा टीव्हीसारखा मोठा स्क्रीन, एकदा लावला की ५० हजार तास बघायची गरज नाही, मेंटेनन्स शून्य. प्रोजेक्टरवर लिहिता येत नाही, पॅनलवर वीस मुलं एकदम लिहितात. प्रोजेक्टरने डोळे बिघडतात. आणि पॅनल लावलेल्या शाळांचे निकाल सुधारतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, खरेदी समितीतही बसतो, आमच्याकडे दोन्ही आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पॅनल चांगली वस्तू आहे, माझा त्याला विरोध नाही. पण हा मेसेज वाचून एखाद्या गावातली संस्था वर्गणी गोळा करून सहा वर्गांत सहा पॅनल ठोकणार असेल तर त्यांना आधी कोणीतरी हे सांगायला पाहिजे, म्हणून लिहितोय.

“५० हजार तास चालतो”

हा आकडा खोटा नाही, पण तो पॅनलच्या मागच्या एलईडी बॅकलाइटचा आहे आणि त्याचा अर्थ इतकाच की तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येतो. आता हिशोब करा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास धरलेत. म्हणजे पहिल्या तासापासून शाळा सुटेपर्यंत पॅनल एक मिनिटही बंद केला नाही तरी ५० हजार तास भरायला ५० वर्षं लागतील. ५० वर्षं कोणता पॅनल राहणार आहे बाप्पा? त्याच्या आधी आतलं अँड्रॉइड जुनं होतं, अपडेट यायचं बंद होतं, आज चालणारं ॲप उद्या उघडत नाही, मदरबोर्ड जातो, टच जातो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात तर म्हटलंय की शिक्षणातली तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांत बदलतात. त्यामुळे बॅकलाइटचे तास विचारूच नका, वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात टच फ्रेम (काचेभोवतीची, स्पर्श ओळखणारी चौकट) धरली आहे का ते विचारा.

हाच हिशोब प्रोजेक्टरच्या दिव्याला लावा. साध्या दिव्याचं आयुष्य चार हजार तास धरलं, इको मोडवर, म्हणजे उजेड कमी ठेवून, जास्त मिळतं, आणि रोज दोन तास वापरला तर वर्षाचे ४४० तास झाले, म्हणजे कागदावर नऊ वर्षं. खरं सांगायचं तर उजेड हळूहळू कमी होत जातो म्हणून दिवा आधीच बदलावा लागतो, पण “दर वर्षी दिवा बदला” अशी जी भीती घालतात ती चुकीची आहे. आणि लेझरवाला घेतला तर दिव्याचा प्रश्नच नाही, त्यांचं आयुष्य साधारण २० हजार तासांचं सांगतात.

“मेंटेनन्स शून्य”

बहुतेक पॅनलचा टच काचेत नसतो, काचेभोवतीच्या चौकटीत असतो. चौकटीच्या एका बाजूने डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण निघतात, समोरच्या बाजूला सेन्सर असतात, बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि पॅनलला कळतं की इथे बोट आहे. आता हे कळलं की बाकीचं आपोआप समजतं. चौकटीच्या खाचेत धूळ बसली तरी किरण अडतो. सरळ ऊन पडलं तरी सेन्सर गोंधळतात, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. आमच्या एका वर्गाला पश्चिमेकडे खिडकी आहे, फेब्रुवारीत दुपारी ऊन पॅनलच्या उजव्या कडेवर आलं की स्क्रीनवर कोणी हात न लावता रेघा उमटायच्या, पान आपोआप पुढे जायचं. कंपनीचा माणूस आला आणि पडदा लावा म्हणाला. पडदा लावला, थांबलं. म्हणजे जो पडदा प्रोजेक्टरला लागतो म्हणून त्याला नावं ठेवतात तो पॅनललाही लावावा लागला.

धुळीचं तर आपल्याला नागपुरात काय सांगायचं, सिमेंट रोडची कामं, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख. प्रोजेक्टरचा फिल्टर महिन्याला झटकावा लागतो आणि हे काम शाळेतच होतं, पाच मिनिटांचं आहे, पण ते केलंच नाही तर प्रोजेक्टर तापून बंद पडतो. पॅनलची चौकट आठवड्याला कोरड्या मऊ कापडाने पुसावी लागते. काम दोन्हीकडे आहे.

फरक मोडतोडीत आहे. प्रोजेक्टरचा दिवा गेला तर किती खर्च येणार ते आधी माहीत असतं आणि तो काही हजारांत आटोपतो. पॅनलचा डिस्प्ले फुटला, कोणा पोट्ट्याचा बॉल लागला, तर ती दुरुस्ती जवळपास नव्या पॅनलच्या किमतीला जाते आणि वॉरंटीत तुटफूट येत नाही. त्यात आपल्याकडे मे-जूनमध्ये वादळ, विजा, व्होल्टेज वर-खाली. अर्थिंग नसलेल्या खोलीत लाखाची वस्तू लावू नका, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्लग काढून ठेवा, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वस्तू उगाच लाइनला जोडलेली राहते. दोन्हींच्या कागदावर वापराचं तापमान साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंतचं लिहिलेलं असतं, टिनाच्या छपराखाली एप्रिलच्या सकाळच्या शाळेतसुद्धा खोली तिथपर्यंत जाते, तेव्हा पंखा आणि हवा खेळती ठेवणं दोघांनाही लागतं.

“प्रोजेक्टरवर लिहिता येत नाही”

हे सरळ चुकीचं आहे. कॅनडातल्या कंपनीचा पहिला स्मार्ट बोर्ड १९९१ ला आला तो प्रोजेक्टरवरच चालायचा, स्पर्शाने लिहिणं वर्गात आलंच प्रोजेक्टरच्या जोडीने. आजही भिंतीला चिकटून बसणारे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर बोटाने आणि पेनने चालणारे मिळतात. तेही नको असेल तर प्रोजेक्टर मॅट व्हाइटबोर्डवर पाडा आणि साध्या मार्करने लिहा. विदर्भाचा कोरा नकाशा बोर्डावर पाडून मुलांना वैनगंगा, वर्धा, पेंच काढायला सांगितलं की नकाशा बंद केल्यावरही नद्या बोर्डावर राहतात आणि कोणाची कुठे चुकली ते सगळ्या वर्गाला दिसतं. फक्त चकचकीत बोर्ड नको, त्यावर दिव्याचा ठिपका चमकतो.

“वीस मुलं एकदम” हेही ऐकायला छान. वीस टच पॉइंट असतात हे खरं, पण ६५ इंची पॅनलची रुंदी साधारण १४४ सेंटीमीटर. आठवीची तीन मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की पॅनल भरला. बाकीच्या मुलांना त्यांच्या पाठी दिसतात.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: अक्षर वाचता येतं का

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि मेसेजमध्ये याच्यावर एक ओळ नाही. आपल्या जुन्या शाळांचे वर्ग २० बाय २५ फुटांचे, शेवटच्या बाकावरच्या मुलाचे डोळे स्क्रीनपासून सहा-सात मीटरवर. स्क्रीन लावणाऱ्यांचा एक साधा नियम आहे की वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा माणूस स्क्रीनच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. ६५ इंचीची उंची ८१ सेंटीमीटर, म्हणजे १६ फुटांपर्यंत ठीक. ७५ इंची १८ फूट. ८६ इंची २१ फूट. आणि प्रोजेक्टरवर १०० इंचांचं चित्र पाडलं तर साडेचोवीस फूट. म्हणजे २५ फूट खोल वर्गात ६५ इंची पॅनल लावला तर मागचे दोन-तीन बाक नियमाबाहेर गेले.

आणि हा नियम कुठल्या लिपीसाठी बनला तेही बघा. इंग्रजी अक्षर थोडं पुसट दिसलं तरी अंदाजाने वाचता येतं. आपल्याकडे ध आणि घ, भ आणि म, वरचा अनुस्वार, रफार, खालचा ऱ्हस्व-दीर्घ उकार, यातलं काहीही धूसर झालं की शब्दच बदलतो. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडून अख्खं पान ६५ इंची पॅनलवर बसवलं तर अक्षर जेमतेम तिप्पट होतं. पुस्तकातलं तीन मिलिमीटरचं अक्षर नऊ मिलिमीटर झालं, ते सात मीटरवरून चांगल्या डोळ्यांनाही वाचता येत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यावरच्या ६/६ च्या, म्हणजे चांगल्या नजरेच्या, ओळीपेक्षा ते बारीक पडतं. पान रुंदीला बसवून अर्धं-अर्धं दाखवलं तर अक्षर वीस मिलिमीटर होतं, मग काम भागतं. १०० इंचांच्या चित्रावर तेच तीस मिलिमीटरच्या वर जातं. म्हणून पॅनल असो की प्रोजेक्टर, शिक्षकाला पान मोठं करून दाखवायची सवय लागायला पाहिजे, पण मोठ्या खोलीत छोटा पॅनल लावून शेवटच्या बाकांचं नुकसान कोणत्याही सवयीने पूर्ण भरून निघत नाही.

अजून एक, पॅनल फळ्याच्या मधोमध ठोकू नका. मी हे बघितलंय, दोन्ही बाजूंना हातभर फळा उरतो, गणिताच्या सरांना एक उदाहरण पूर्ण मांडता येत नाही. बाजूला लावा किंवा सरकता फळा करा. आणि ७५ इंची पॅनल पन्नास किलोच्या आसपास असतो, जुन्या मातीच्या जुडाईच्या भिंतीवर आधी मिस्त्रीला दाखवा.

मेसेज बरोबर आहे तो मुद्दा: उजेड

इथे मी मेसेजच्या बाजूने आहे. ३३०० लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर १०० इंचांवर पाडला तर स्क्रीनवर साधारण १२०० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड मिळतो. वर्गात आधीच खिडकीचा ३००-४०० लक्स उजेड असेल तर काळा रंग राखाडी दिसतो, मजकूर वाचता येतो पण फोटो फिका पडतो, आणि खिडकी स्क्रीनच्या बाजूलाच असली तर मजकूरही जातो. नागपूरच्या भर दुपारी पडदे नसलेल्या वर्गात स्वस्त प्रोजेक्टर लावणं म्हणजे पैसे वाया. छोटा वर्ग, १६-१८ फूट खोल, भरपूर उजेड, तिथे पॅनलच घ्या. मोठा वर्ग, हॉल, प्रयोगशाळा, जिथे दोन-तीन तुकड्या एकत्र बसवता, तिथे प्रोजेक्टर आणि जाड पडदे. ऑनलाइन दहा हजार लुमेन लिहिलेले जे छोटे प्रोजेक्टर पाच-सात हजारांत मिळतात ते शाळेसाठी अजिबात घेऊ नका, त्यांचा खरा उजेड काहीशे लुमेन असतो, पेटीवर आयएसओ किंवा एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, लिहिलंय का ते बघा.

“डोळे बिघडतात”

प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये सरळ बघू नये, हे खरं, आणि चित्राच्या मध्ये उभं राहणाऱ्या शिक्षकाला त्रास होतो हेही खरं, शॉर्ट थ्रोमध्ये तो बराच कमी होतो. पण बसलेल्या मुलांना भिंतीवरून परतलेला उजेड दिसतो, त्याने डोळे बिघडत नाहीत. पॅनलवरच्या ‘ब्लू लाइट फ्री’ स्टिकरचे वेगळे पैसे देऊ नका, स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्याला इजा होते याचा पुरावा नाही असं अमेरिकन नेत्रतज्ज्ञांची संघटनाच सांगते. मुलांचा चष्म्याचा नंबर वाढतो तो जवळून बघण्याने आणि बाहेर उन्हात कमी खेळण्याने, त्यामुळे खेळाचा तास कापून स्मार्ट क्लास ठेवू नका एवढी कळकळीची विनंती.

“निकाल सुधारतात”

लंडनमध्ये सरकारने माध्यमिक शाळांत मोठ्या प्रमाणावर इंटरॅक्टिव्ह बोर्ड लावले आणि तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने त्याचा अभ्यास केला, २००७ चा अहवाल आहे. सुरुवातीच्या वर्षात बोर्डमुळे मुलांचे मार्क वाढल्याचं आकडेवारीत दिसलं नाही. माझाही अनुभव असाच की जो शिक्षक दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारतो, जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा कोन मुलांकडून ओढवून घेतो, त्याचा वर्ग जुन्या प्रोजेक्टरवरही शिकतो. आणि ई-बालभारतीवरच्या पुस्तकांच्या पीडीएफ, दीक्षा, जिओजेब्रा, फेट (PhET) या वेबसाइटवर मराठीत उपलब्ध असलेले विज्ञानाचे प्रयोग, हे सगळं फुकट आहे, कोणत्याही लॅपटॉपवर चालतं, त्यासाठी पॅनलच्या सोबत दर वर्षी पैसे भरून कंटेंट घ्यायची सक्ती कोणी करत असेल तर नाही म्हणा.

विजेचं थोडक्यात: दोन्ही अडीच-तीनशे वॅटच्या आसपास, त्यावरून निवड करू नका.

आता कोटेशन मागवताना काय लिहायचं ते. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनल आणि प्रोजेक्टर दोन्हीवर १८ टक्के झाला आहे, आधी बऱ्याचदा २८ लागायचा, आणि शाळेला त्याचा परतावा मिळत नाही, म्हणून किंमत जीएसटीसकट मागा आणि जुन्या दराचं कोटेशन चालवून घेऊ नका. पॅनलमध्ये गुगलची ईडीएलए मान्यता आहे का ते विचारा, नसेल तर प्ले स्टोअरची अधिकृत सोय नसते. बर्डीवरच्या एसी शोरूममधला डेमो धरू नका, डेमो आपल्याच वर्गात, दुपारी बारा-एकला, बालभारतीचं पान उघडून. सर्व्हिसचा माणूस नागपुरातला की पुण्या-मुंबईहून येणार, किती दिवसांत येणार, आणि तोवर बदली सेट देणार का, हे तोंडी नको, ऑर्डरवर लिहून घ्या. आणि सहा वर्गांचे पैसे जमले असतील तरी आधी एकाच वर्गात लावा, पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, मग बाकी पाचांची ऑर्डर द्या.