ड्रॉपने इम्युनिटी मरते म्हणे!

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय तो फॉरवर्ड. त्यात म्हटलंय, कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टर जे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप देतात ते मुळात किडनी बदललेल्या पेशंटचं औषध, त्याने अख्ख्या अंगातल्या पांढऱ्या पेशी मरतात, वर ते छुपं स्टेरॉइड, आठवड्यात फरक पडत नाही म्हणजे बोगस, त्यापेक्षा गुलाबपाणी घाला. आई सात महिने हेच ड्रॉप घालतेय, आणि हे वाचून तिने परवा गुपचूप बंद केले, म्हणून एवढं टायपिंग करतेय.

किडनीवाल्यांचं औषध? हो, तेच. पण डोस बघा ना. ०.०५ टक्के म्हणजे एका मिलीत अर्धा मिलिग्रॅम, मिलीत साधारण वीस थेंब धरा, दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक म्हणजे दिवसाला चार थेंब, झाले ०.१ मिलिग्रॅम. ट्रान्सप्लांटवाले पोटातून दिवसाला शेकडो मिलिग्रॅम घेतात. आणि आईचा अर्धा थेंब तर गालावरच ओघळतो. हे ड्रॉप घालणाऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा मोजता येईल इतकंही औषध त्यात सापडलं नव्हतं.

आता पेशी मरतात ते. मुळात ड्राय आय म्हणजे नुसतं पाणी कमी असं नाहीये. अश्रू कमी पडले किंवा पटकन सुकले की उरलेले जास्त खारट होतात, त्याने डोळ्याच्या वरच्या थरातल्या पेशी दुखावतात, त्या धोक्याचे सिग्नल सोडतात, मग टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) येऊन तिथे ठाण मांडतात आणि त्यांच्या रसायनांनी गॉब्लेट पेशी घटतात, या गॉब्लेट पेशीच तर अश्रू डोळ्यावर धरून ठेवणारा चिकट पदार्थ बनवतात, त्या घटल्या की अश्रू अजूनच टिकत नाहीत आणि परत पहिल्यापासून सुरू. सायक्लोस्पोरिन टी पेशीच्या आतलं कॅल्सिन्यूरिन नावाचं एन्झाइम अडवतं, मग ती आयएल-२ नावाचं निरोप देणारं रसायन बनवू शकत नाही, म्हणजे बाकीच्यांना 'या रे' अशी हाकच जात नाही. डोळ्यात चवताळलेली गर्दी ओसरते, अंगभर कत्तल वगैरे काही नाही. लिफिटेग्रास्ट म्हणून दुसरा ड्रॉप आहे, अमेरिकेत २०१६ला मंजूर झालेला, त्याची तर वेगळीच गंमत. टी पेशीवर एलएफए-१ नावाचं प्रोटीन असतं, तो तिचा हात समजा, तो हातच हा ड्रॉप झाकून टाकतो, मग समोरच्या पेशीवरचं आयकॅम-१ नावाचं प्रोटीन, म्हणजे धरायची दांडी, तिला पकडता येत नाही. दादरला संध्याकाळी दाराची दांडी हाताला लागली नाही की लोकल सुटते आणि आपण प्लॅटफॉर्मवरच, अगदी तसं.

स्टेरॉइड? नाही. ते ड्रॉप वेगळे, लोटेप्रेडनॉल वगैरे. ते दाह पटकन उतरवतात म्हणून डॉक्टर सुरुवातीला थोडे दिवस देतातही, पण लांबवले तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू होऊ शकतो. केमिस्टकडे 'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' म्हणून आणलेल्या बाटलीत ते असू शकतं, भीती घालायचीच तर याची घाला की! त्यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

आठवड्यात फरक? नाहीच पडणार. तीन ते सहा महिने लागू शकतात, कारण गर्दी ओसरून गॉब्लेट पेशी परत वाढायला वेळ लागतो. आईला पहिला दीड महिना नुसती आग व्हायची, मिरचीचा हात लागल्यासारखी, रोज मला शिव्या. तपासणीला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात, पहिल्यांदा ती ४ मिलिमीटर भिजली होती, सहाव्या महिन्यात ११. सगळ्यांना असाच गुण येतो असं नाही, आणि सगळ्यांना हे औषध लागतंही नाही, दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्या कित्येकांचं साध्या आर्टिफिशियल टिअर्सवर भागतं. डोळ्यात इन्फेक्शन असेल किंवा आधी डोळ्याला नागीण (हर्पीस) होऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, हेही आहेच.

राहिलं गुलाबपाणी. ते निर्जंतुक नसतं, त्यात सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह असू शकतात, आणि ते आधीच सोललेल्या डोळ्यात घालायचं? आईने आणलेली बाटली मी काढून घेतलीय, मुलतानी मातीत कालवून संपवतेय.