न्यू हार्मनीच्या हिशेबवह्या

मी राहतो ते इव्हान्सव्हिल शहर अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाला आहे आणि तेथून जवळच, वॉबॅश नदीच्या काठी, न्यू हार्मनी नावाचे लहानसे गाव आहे. जूनमध्ये या गावाच्या रस्त्यांवर पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असतो. परवा तेथे गेलो, तेव्हा आदल्या रात्री धाकट्या भावाशी फोनवर झालेला वाद डोक्यातून जात नव्हता. नगर जिल्ह्यातील ज्या सहकारी साखर कारखान्याचे आमचे वडील सभासद होते, तो कर्जापायी विक्रीला निघाला आहे. भाऊ म्हणाला, "दादा, सहकार माणसाच्या स्वभावातच बसत नाही. सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं. खाजगी मालक आला तर निदान उसाचं बिल तरी वेळेवर मिळेल."

दोनशे वर्षांपूर्वी न्यू हार्मनी मोडले, तेव्हाही लोकांनी स्वभावालाच बोल लावला होता. जर्मन धर्मपंथीयांनी बांधलेले हे अख्खे गाव 1825 मध्ये रॉबर्ट ओवेन यांनी सगळ्यांनी मिळून राबणारा, समतेने जगणारा समाज उभारण्यासाठी विकत घेतले. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे सूतगिरणी चालवताना त्यांनी कामाचे तास कमी केले होते आणि 1816 मध्ये मजुरांच्या मुलांसाठी शाळा उघडली होती. माणसाचा स्वभाव परिस्थितीच घडवते, तेव्हा परिस्थिती बदलली की माणूस बदलेल, हा त्यांचा ठाम विश्वास होता. थोड्याच दिवसांत येथे आठशेच्या आसपास माणसे जमली, पुढच्या जानेवारीत शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी भरलेली एक नावही येऊन लागली आणि 1827 मध्ये सारा प्रयोग संपला.

तो का संपला, हे पाहताना मला हिशेबवह्यांपाशी थांबावेसे वाटते. सुरुवातीच्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या कामाचे मोल त्याच्या खात्यात जमेस धरले जाई आणि दुकानातून उचललेला माल नावे टाकला जाई. मग सुताराच्या दिवसाचे मोल किती, वर्तमानपत्र छापणाऱ्याचे किती आणि ते ठरवायचे कोणी, हे प्रश्न ओघानेच आले. कारभार पाहणारी समिती नेमण्याचा अधिकार पहिल्या वर्षी ओवेन यांच्याच हाती होता, आणि समिती नेमून ते काही महिन्यांसाठी निघून गेले. फेब्रुवारी 1826 मध्ये पूर्ण समतेची नवी घटना मंजूर झाली, पण जमीन आणि घरे कागदोपत्री ओवेन यांचीच राहिली. ती समाजाकडे कोणत्या अटींवर यायची, यावरून भांडणे वाढत गेली आणि एका समाजाचे अनेक तुकडे झाले. ज्या जमिनीत आपण राबतो ती उद्या आपली असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक गोष्ट मला अधिक बोचते. 1825 च्या घटनेने सर्व वयांच्या आणि सर्व प्रकारच्या माणसांना दार उघडले होते, मात्र कृष्णवर्णीयांना वगळून. गरज पडल्यास त्यांना मदतनीस म्हणून घेता येईल, अशी तरतूद होती. हे वाचताना मला कारखान्याच्या फाट्यावरच्या पालांत पहाटे तीनला पेटणाऱ्या चुली आठवल्या. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता हाती धरणारी बीडची जोडपी आमच्या उसाला हात लावतात, तेव्हाच तो गव्हाणीत पडतो. परंतु शेअर ऊस पिकवणाऱ्याचा, मत त्याचेच, आणि तोडणारा त्या समतेबाहेरच राहतो.

ओवेन यांच्या विचारांनी भारलेले काही विणकर 1844 मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे एकत्र आले, तेव्हा त्यांनी नवा माणूस घडवण्याची वाट पाहिली नाही. अठ्ठावीस जणांनी प्रत्येकी एक पौंड जमवून दुकान काढले आणि नियम केले: रोखीचा व्यवहार, खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी, भांडवल कितीही असो, सभासदाला एकच मत. आमच्या सहकारी कायद्यातील 'एक सभासद, एक मत' हे त्याच परंपरेतले आहे, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला कारखाना उभा केला तो याच पायावर.

हा पाया आमच्या कारखान्यात कसा खचला, ते मी लहानपणी पाहिले आहे. वार्षिक सभेच्या मांडवात वडिलांच्या मांडीवर अहवाल असायचा, विषय वाचून संपण्याआधीच पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर व्हायचा आणि ताळेबंदाचे पान उलटायचे राहून जायचे. घरी आल्यावर वडील तो अहवाल देवळीत ठेवत. सभासदांनी त्या पानावर प्रश्न विचारला असता, तर कर्जाचा डोंगर होण्याआधीच तो दिसला असता, असे मला आजही वाटते. म्हणून विक्रीने हा दोष जाईल हे मला पटत नाही. नव्या मालकाचा ताळेबंद माझ्या भावापुढे कोणी वाचूनही दाखवणार नाही.

गावातून परतण्याआधी मी तेथील वर्किंगमेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात तासभर बसलो. ओवेन यांचे सहकारी विल्यम मॅक्ल्यूर यांनी ते 1838 मध्ये कष्टकऱ्यांसाठी स्थापन केले आणि ते अजून चालू आहे. तेथूनच भावाला निरोप धाडला की, विक्रीच्या ठरावाआधी मागच्या दहा वर्षांचे अहवाल देवळीतून काढ आणि कर्ज कोणत्या वर्षी, कशासाठी घेतले, ते लिहून पाठव. आतापर्यंत सहा वर्षांचे अहवाल सापडले आहेत.