बागडीला म्हणे व्याकरणच नाही!

चार दिवस झाले, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. बागडी ही भाषा नव्हे, बिघडलेली हिंदी आहे. तिला व्याकरण नाही, लिपी नाही. सरकारही तिला हिंदीच मानतं. आणि मुलांशी ती बोललात तर मुलं उशिरा बोलायला लागतात. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझी भाचेसून उत्तर राजस्थानातल्या हनुमानगढची, बागडी तिची मायबोली. रविवारी दीड वर्षाच्या लेकाला चपला घालताना 'आ, आपां चालां' म्हणाली, थबकली आणि 'चलो, हम चलते हैं' असं बदलून म्हणाली. का गं, विचारलं तर म्हणे, "मामा, तो मेसेज वाचला ना."

म्हणून आधी तोच मुद्दा. घरात दोन भाषा कानावर पडल्यानं मूल मुकं राहत नाही, मागे पडत नाही. काही दिवस शब्दांची सरमिसळ करतं, एवढंच. एकच भाषा असलेल्या घरातही काही मुलं उशिरा बोलतात. तसं वाटलं तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. आईच्या बोलीला दोष देऊन तिचं तोंड बंद करणं हा शुद्ध अन्याय आहे.

आता व्याकरण. लखन गुसाईं या भाषाशास्त्रज्ञांनी लिहिलेलं बागडीचं व्याकरण २००० साली छापून आलंय. दोन लिंगं, दोन वचनं, तीन विभक्तिरूपं, तीन काळ, सगळं त्यात मांडलेलं आहे. शिवाय तीन सूर, म्हणजे आवाजाच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो. पंजाबीत हे आहे, हिंदीत नाही. मग ते हिंदी बिघडून आलं कुठून?

आणि मराठी माणसानं तरी हा मेसेज पुढे ढकलायला नको होता. आपण 'तो' आणि 'ती' म्हणतो, बागडीत 'बो' आणि 'बा'. हिंदीत दोघांनाही 'वह'. आपल्या 'हा-ही'सारखं त्यांचं 'ओ-आ'. आपलं 'रामाचा, रामाची', त्यांचं 'राम गो, राम गी'. ळ त्यांच्याकडेही आहे. आणि त्या चपलांपाशी जे झालं ते नीट बघा. 'आपां' म्हणजे आपलं 'आपण', समोरच्याला धरून. त्याला वगळून बोलायचं तर 'म्हे', आपलं 'आम्ही'. हिंदीच्या 'हम'मध्ये हा फरकच नाही. त्या पोरीनं एक शब्द बदलला आणि हा भेद पोराच्या कानावर पडायचा राहिला.

मेसेजवाल्याला 'मनै रोटी दे' यातला 'नै' चुकीचा वाटतो. तो हिंदीतला 'ने' नाहीच. तो 'ला' आहे: मला भाकरी दे. गुजरातीतही 'ने' हेच काम करतो, म्हणून गुजराती काही बिघडलेली हिंदी ठरत नाही.

सरकारचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो मान्य करावा लागतो. जनगणनेत बागडीची गणती हिंदीखाली होते. पण त्याच हिंदीखाली भोजपुरी, छत्तीसगढी, मारवाडी अशा पन्नासहून जास्त मातृभाषा टाकल्या आहेत. ती खातेवही आहे, व्याकरण नव्हे. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सननं शंभरेक वर्षांपूर्वी बागडीला मारवाडीची बोली म्हटलं होतं, हिंदीची नाही. मारवाडी कुठे संपते आणि बागडी कुठे सुरू होते यावर वाद घाला, त्याला अर्थ आहे.

लिपीचं काय सांगायचं? मराठीलाही आज वेगळी लिपी नाही, देवनागरीच आहे.

मेसेजसोबतच्या नकाशात डुंगरपूर-बांसवाडा रंगवलंय. ती वागडी, दक्षिण राजस्थानातली भिल्ली गटातली भाषा. बागडी उत्तरेत, हनुमानगढ, श्रीगंगानगर, सिरसा, फतेहाबाद, अबोहर या पट्ट्यात. ज्याला भाषा कुठे बोलतात हे धड ठाऊक नाही, तो आयांना काय बोलावं ते शिकवतोय.

ज्यांनी हे ग्रुपवर टाकलं त्यांनी ते काढावं, आणि चूक होती असं तिथेच लिहावं. भाचेसून तो ग्रुप रोज वाचते.